बिल कोणाचं, शिक्का कोणाचा? सेकंडहँड फोन, स्वस्त चार्जर आणि विक्रीचा कायदा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवलाय.)



ऐकता ऐकता एक काम करा. फोनचं डायल पॅड उघडा आणि दाबा: स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. पंधरा आकडी नंबर आला? दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर येतील. हा तुमच्या फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याची जन्मखूण. आता चार्जर जवळ असेल तर तो उलटा करा. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत बीआयएसची खूण आणि खाली इंग्रजी 'आर' आणि पुढे आठ आकडे दिसतात का बघा. चष्मा असेल तर लावा!

हे दोन नंबर दोन वेगवेगळ्या प्रश्नांशी बांधलेले आहेत. पहिला प्रश्न: ही वस्तू विकायचा हक्क विकणाऱ्याला होता का? दुसरा: ही वस्तू चांगली आहे, सुरक्षित आहे, असं नेमकं कोण म्हणतंय? बिल, बॉक्स, स्टिकर, शिक्का हा सगळा पसारा या दोन प्रश्नांसाठीच असतो. आणि आपण बहुतेक वेळा दोन्हींची गल्लत करतो. 'ओरिजिनल आहे' एवढं ऐकलं की 'चोरीचा नसणार' असं धरून चालतो. 'बिल आहे' म्हटलं की 'चांगला असणार' असं वाटतं. यातलं एक खरं असलं म्हणून दुसरं खरं ठरत नाही.

मी ग्राहक आयोगात वकिली करते. तिथे येणाऱ्या लोकांना कायदा नसतो असं नाही, पण नेमका कोणाला धरायचं ते माहीत नसतं. आजचा भाग त्यासाठी.

जे आपलं नाही ते विकता येत नाही

आपल्याकडे मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला. पण तुम्ही काल ऑनलाइन जाहिरात बघून घेतलेल्या सेकंडहँड फोनलाही तो आजच्या तारखेला लागू आहे.

त्याचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चोराकडे मालकी नाही. त्याने दुकानदाराला विकला, दुकानदाराने तुमच्या मित्राला, मित्राने तुम्हाला. पाच हात बदलले, प्रत्येकाने खरे पैसे मोजले, तरी मालक तोच राहतो, ज्याच्या खिशातून लोकलमध्ये फोन गेला होता.

मग एके दिवशी पोलीस स्टेशनमधून फोन येतो. कसा? मूळ मालकाने तक्रार करून संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक केलेला असतो. त्या हँडसेटमध्ये कोणी सिम घातलं की माग लागतो आणि माहिती पोलिसांकडे जाते. 'साहेब, मी पैसे देऊन घेतलाय,' हे उत्तर तुम्हाला चोर ठरण्यापासून वाचवू शकतं, पण फोन वाचवू शकत नाही. फोन जातो.

आणि हेही नीट ऐका. चोरीचा आहे असं वाटायला पुरेसं कारण असूनही अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चाळीस हजारांचा फोन, नऊ हजारांत, बॉक्स नाही, बिल नाही, आणि विकणारा म्हणतो 'स्टेशनबाहेर भेट'. यात 'मला काही शंकाच आली नाही' हे सिद्ध करायला जरा कठीण जातं.

फोन गेला. पण पैसे? इथे कलम १४ कामाला येतं. प्रत्येक विक्रीत, कोणी बोलो न बोलो, एक अट गृहीत धरलेली असते की विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे. ती मोडली की पैसे परत. पूर्ण.

'पूर्ण' शब्दावर जोर देतेय, कारण लगेच युक्तिवाद येतो की 'सहा महिने वापरलास ना? त्याचे कापून घे.' याचं उत्तर इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वी देऊन झालंय. रोलंड विरुद्ध डिव्हॉल, १९२३. एका गाड्यांच्या व्यापाऱ्याने ३३४ पौंडांना एक मोटार घेतली, रंगरंगोटी केली आणि ४०० पौंडांना एका कर्नलला विकली. काही महिन्यांनी पोलिसांनी ती उचलली, कारण गाडी चोरीची होती. व्यापाऱ्याने कर्नलला पैसे परत दिले आणि स्वतःला विकणाऱ्यावर दावा लावला. खालच्या कोर्टाने म्हटलं, गाडी वापरली गेलीय, त्यामुळे पूर्ण रक्कम मिळणार नाही. अपील कोर्टाने ते फिरवलं. गाडी घेणारा माणूस काही महिने फिरायला म्हणून पैसे देत नाही, मालक व्हायला देतो, आणि मालकी त्याला एक दिवसही मिळाली नव्हती. मग वापर कापायचा कशातून? ३३४ चे ३३४ परत.

म्हणजे साखळी उलटी फिरते. तुम्ही मित्राला धरता, मित्र दुकानदाराला, दुकानदार चोराला. चोर सापडत नाही, म्हणून साखळीतला जो शेवटचा माणूस सापडतो त्याच्या गळ्यात नुकसान पडतं. तुम्हाला विकणाऱ्याचं नाव, नंबर, आधारची प्रत आणि 'हा फोन माझा आहे, अमुक रकमेला विकला' अशी सही का हवी, ते आता कळलं का? कारण सापडणारा माणूस हवा.

चोरी आणि फसवणूक: इथे कायदा वळण घेतो

आता दुसरा प्रसंग. समजा तुम्ही फोन विकताय. घेणारा येतो, यूपीआयचा खोटा स्क्रीनशॉट दाखवतो, फोन घेऊन जातो. संध्याकाळी तो फोन तिसऱ्याच मुलीला विकतो. तिने रास्त किंमत मोजली, बॉक्स घेतला, बिल बघितलं. रात्री तुमच्या लक्षात येतं की पैसे आलेच नाहीत. फोन कोणाचा?

पटकन 'माझाच' म्हणाल. पण बहुधा तिचा. कलम २९. चोराला तुम्ही फोन दिला नव्हता, या ठगाला मात्र तुम्ही स्वतः दिला, विकायच्या इराद्याने. फसवून मिळवलेला का होईना, तो करार होता. असा करार तुम्ही रद्द करू शकता, पण रद्द करण्याआधीच एखाद्याने प्रामाणिकपणे, काही माहीत नसताना वस्तू विकत घेतली, तर तिची मालकी पक्की होते. तुम्ही ठगाच्या मागे लागायचं.

कडू वाटतं ना? पण विचार करा. दोन निरपराध माणसं आहेत, नुकसान एकावर पडणार आहे. वस्तू ठगाच्या हातात कोणी दिली? म्हणून विकताना नियम एकच: स्क्रीनशॉट बघायचा नाही, स्वतःच्या बँकेत पैसे जमा झालेले बघायचे. आणि फसलात तर त्या क्षणी तक्रार करा. 'उद्या बघू' म्हणालात तर मधल्या रात्रीत मालकी हातातून जाऊ शकते.

लेबलसुद्धा मालकीला नडतं

बिल आणि शिक्का वेगळे असतात म्हटलं, पण एक ठिकाण असं आहे जिथे दोन्ही एकमेकांना भेटतात.

१९२१, पुन्हा इंग्लंड. अमेरिकेहून आटवलेल्या दुधाचे डबे आले. दूध उत्तम. पण काही डब्यांवर 'निस्ली' असं लेबल होतं, आणि नेस्लेने तक्रार केली की हे आमच्या नावाशी खेळणं आहे. कस्टम्सने माल अडवला. शेवटी घेणाऱ्यांनी लेबलं खरवडून डबे विनालेबल, कमी भावात विकले आणि विकणाऱ्यांवर दावा लावला. विकणारे म्हणाले, अहो, दुधाचे मालक आम्हीच होतो! कोर्ट म्हणालं, मालक असाल, पण या लेबलसकट विकायला तुम्हाला कोणीही कोर्टातून थांबवू शकलं असतं. मग विकायचा हक्क कुठे होता?

आता आपल्या बाजारातले 'फर्स्ट कॉपी' इअरबड आठवा. दुकानदाराने ते रोख पैसे देऊन आणलेत, चोरलेले नाहीत. पण दुसऱ्याचं नाव लावून विकायचा हक्क त्याला नाही. खोटा शिक्का हा फक्त दर्जाचा प्रश्न नसतो, तो हक्काचाही असतो.

शिक्का मारणारा काय म्हणतो?

दर्जाच्या बाबतीत जुना नियम होता, 'घेणाऱ्याने सांभाळून घ्यावं.' आपल्या कायद्याचं कलम १६ सुरुवात तिथूनच करतं, पण लगेच अपवाद सांगतं. विकणारा जर त्याच मालाचा व्यापार करत असेल, तर माल निदान बाजारात चालण्याजोगा हवा. हक्काची अट मात्र सगळ्यांना, एकुलता एक फोन विकणाऱ्या तुमच्या रूममेटलाही. दर्जाची ही अट दुकानदाराला.

आता शिक्क्याचं बघू. हेल्मेटवर आयएसआयचं चिन्ह असतं, वर 'आयएस ४१५१' हा मानकाचा नंबर आणि खाली परवान्याचा नंबर. यात बीआयएस कारखान्याची तपासणी करून परवाना देतं. चार्जर, पॉवर बँक, मोबाइल यांची पद्धत वेगळी. उत्पादक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतो, नोंदणी करतो आणि स्वतःच जाहीर करतो की माझा माल मानकाप्रमाणे आहे. 'आर' नंबर तो हाच. म्हणजे शिक्का सरकारी दिसला, तरी त्यामागचं वचन उत्पादकाचं आहे. आणि तपासला जातो तो नमुना. तुमच्या हातातला नग कोणी तपासलेला नसतो.

मग शिक्का देणाऱ्याला कधीच धरता येत नाही का? १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टापुढे हा प्रश्न आला. एका बाईने बूट घेतले. त्यांच्या जाहिरातीत 'गुड हाउसकीपिंग' मासिकाची प्रसिद्ध मोहोर होती. घरातल्या व्हिनाइलच्या फरशीवर बूट सटकले, ती पडली. मासिक म्हणालं, आम्ही बूट बनवले नाहीत, विकले नाहीत. कोर्टाने तेवढं मान्य केलं आणि उत्पादकासारखी जबाबदारी त्यांच्यावर टाकली नाही. पण पुढे म्हटलं की तुमच्या मोहोरेवर विसंबून लोक वस्तू घेतात, त्यातून तुमचा फायदा होतो, मग निष्काळजीपणे चुकीची ग्वाही दिल्याबद्दल दावा चालू शकतो. मर्यादाही घातली. सगळ्याच बुटांची घडण धोक्याची असेल तर मोहोरवाला अडकेल, एखादाच जोड बिघडलेला निघाला तर नाही.

युरोपात याचं भयानक रूप दिसलं. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने स्तनांच्या इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरलं. २०१० मध्ये हे उघड झालं. त्यांच्या गुणवत्ता व्यवस्थेला प्रमाणपत्र होतं जर्मनीच्या ट्यूव्ह राइनलँडचं. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की प्रमाणन संस्थेवर अचानक धाडी घालण्याचं किंवा प्रत्येक वस्तू तपासण्याचं सरसकट बंधन नाही, पण काहीतरी काळंबेरं असल्याचा पुरावा समोर आला तर तिने पावलं उचललीच पाहिजेत. म्हणजे शिक्का मारून डोळे मिटता येणार नाहीत.

आपल्याकडे यातला तुमच्या रोजच्या स्क्रीनवरचा भाग म्हणजे इन्फ्लुएन्सर. 'मी स्वतः वापरते, बिनधास्त घ्या' हाही एक शिक्काच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अशा शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बचाव एकच: बोलण्याआधी मी दाव्याची खातरजमा केली होती.

मग धरायचं कोणाला?

समजा चार्जर फुटला आणि हात भाजला. २०१९ च्या कायद्याने उत्पादनाची जबाबदारी हा वेगळा हक्क दिला. उत्पादकाने लेखी खात्री दिली होती आणि माल तसा निघाला नाही, तर 'आमचा निष्काळजीपणा नव्हता' हा बचाव त्याला मिळत नाही. तुम्ही वस्तूत फेरफार केला असेल किंवा भलताच वापर केला असेल, तर मात्र दावा लटका पडतो.

आणि विकणारा? कलम ८६ वाचताना मला नेहमी फुटपाथवरचे चार्जर आठवतात. बनवणारा कोण हे माहीतच नसेल, किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचवता येत नसेल, तर विकणारा जबाबदार धरला जाऊ शकतो. 'कंपनीशी बोला' म्हणायचं, तर कंपनी दाखवता आली पाहिजे.

ऑनलाइन बाजारही 'आम्ही फक्त मधले' म्हणून सहज सुटत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या संकेतस्थळावरून विकल्या गेलेल्या २,२६५ प्रेशर कुकरबद्दल आदेश काढला. कुकर सक्तीच्या मानकात बसत नव्हते. आदेश असा होता: ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, आणि एक लाख दंड भरा.

सगळ्यात हिशोबी नियम आहे सोन्याचा. १ एप्रिल २०२३ पासून नवा हॉलमार्क दागिना सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. आणि शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाली तर बीआयएस नियम २०१८ चा नियम ४९ सांगतो की कमी भरलेल्या शुद्धतेच्या किमतीच्या दुप्पट रक्कम, अधिक तपासणीचा खर्च. दहा ग्रॅमच्या साखळीवर '९१६' आहे आणि निघालं ८५०, तर तूट हजारी ६६, म्हणजे ०.६६ ग्रॅम शुद्ध सोनं. त्याच्या किमतीची दुप्पट तुमची. आईला हे नक्की ऐकवा!

एका श्रोत्याचा व्हॉइस नोट

'ताई, दुकानातून रीफर्बिश्ड फोन घेतला. तीन आठवड्यांत बंद. दुकानदार म्हणतो, जुन्या मालाला गॅरंटी नसते, आणि बिलावरही छापलंय की विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

कंपनीची गॅरंटी नसेल, ते खरं असू शकतं. पण तो फोनचाच धंदा करतो, म्हणून माल चालण्याजोगा असण्याची अट त्याला लागू आहे. जुन्या फोनकडून नव्यासारखी अपेक्षा नाही, पण तीन आठवडे हे फारच थोडं झालं. हां, घेताना तपासला असेल आणि काच तडकलेली समोर दिसत होती, तर आता त्याबद्दल बोलता येणार नाही. आतला बोर्ड गेला असेल तर तो बघून कळला नसता, त्याबद्दल बोलता येईल. आणि बिलावरच्या छापील ओळीला घाबरू नकोस. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदतच दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीच ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुझे तीन आठवडे झालेत. आजच लेखी कळव. व्हॉट्सॲपवर चालेल, पण तारीख आणि दोष स्पष्ट लिही.

खिशात ठेवायचं ते

सेकंडहँड फोन घेण्याआधी आयएमईआय तपासा. मेसेजमध्ये इंग्रजीत 'केवायएम', जागा सोडून पंधरा आकडे, आणि १४४२२ वर पाठवा. स्क्रीनवरचा, बॉक्सवरचा आणि बिलावरचा नंबर एकच आहे का बघा. हप्ते बाकी नाहीत ना, हे विचारा आणि लिहून घ्या, कारण कलम १४ प्रमाणे वस्तूवर कोणाचा बोजा नसावा ही हमीही गृहीत असते. पैसे शक्यतो यूपीआयने द्या, म्हणजे कोणाला दिले त्याची नोंद राहते.

शिक्का असेल तर नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. परवाना, 'आर' नंबर, एचयूआयडी, तिन्हींची सोय आहे. स्क्रीनवर आलेलं उत्पादकाचं नाव आणि वस्तूवरचं नाव जुळलं पाहिजे. नुसता शिक्का स्टिकरच्या दुकानातही मिळतो.

बिघडलंच, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही. एक लक्षात ठेवा, हे दुकानदार आणि कंपन्यांसाठी. रूममेटने एकदाच विकलेल्या फोनसाठी दिवाणी कोर्ट, आणि फसवलं असेल तर पोलीस.

शेवटी एवढंच. बिल सांगतं की हक्क कोणाकडून आला, शिक्का सांगतो की दर्जाचं वचन कोणी दिलं. कायदा दोन्हींच्या मागे उभा राहतो, पण नाव तुम्हाला सांगता आलं पाहिजे. शंभर रुपये वाचवताना आपण बऱ्याचदा ते नावच सोडून देतो.

पुढच्या भागात बोलू भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटबद्दल. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त कोणाचा आधार नंबर त्यात सांगू नका! भेटू. काळजी घ्या.